चूलबंद कार्निव्हल

द्वारकाबाईंचा नेम तसा साधा होता. संध्याकाळी घराबाहेरचं एक माणूस पोटभर जेवू घातल्याशिवाय त्या स्वतः घास घेत नसत. सासूबाईंनी जाताना हा नेम त्यांच्या पदरात घातला होता, आणि दागिने मोठ्या नणंदेच्या. या वाटणीबद्दल द्वारकाबाईंनी कधी ब्र काढला नाही. दागिना मोडता येतो, नेम मोडता येत नाही, एवढंच त्या म्हणत; आणि तेही इतक्या हळू, की नणंदेला ते आजवर ऐकू गेलेलं नाही.

पण साधा नेमही शहरात पाळायचा म्हणजे कसोटी असते. खेड्यात दारावरून कुणी ना कुणी जातंच. पडेगावच्या कॉलनीत तिन्हीसांजेला दारावरून जातात ती कुत्री आणि शिकवणीची पोरं, आणि दोघांनाही थांबायला सवड नसते. मग द्वारकाबाईंनी विजेचं मीटर बघायला आलेल्याला जेवू घातलं. विम्याच्या एजंटाला पिठलं-भाकरी वाढली. गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणारे आपल्या फेरीत पडेगाव मुद्दाम शेवटी ठेवू लागले. एकदा एक कुरिअरवाला चुकून आला, पत्ता दुसऱ्याच गल्लीतला आहे हे कळल्यावरही तो उंबऱ्यातच घुटमळला आणि म्हणाला, "काकू, आज भाजी कशाची?"

यजमान आप्पासाहेब भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्यामुळं त्यांना कुठलीही गोष्ट हद्दीत असलेली आवडायची. "या घरात माझ्याआधी सिलिंडरवाल्याला गरम पोळी मिळते," असं ते चारचौघांत बोलून दाखवत. द्वारकाबाई त्यावर त्यांच्या पानात तुपाची आणखी एक धार सोडत. बाईमाणसाच्या हातात उत्तर देण्याची बरीच साधनं असतात. तोंड हे त्यातलं सगळ्यात शेवटचं.

निवृत्तीनंतर आप्पासाहेबांना एक पद मिळालं होतं. जुन्या बारादरीत जे वस्तुसंग्रहालय आहे, त्याच्या मित्रमंडळाचे ते अध्यक्ष झाले होते. मंडळात मित्र कमी आणि पदाधिकारी जास्त, तरी पद ते पद. एका संध्याकाळी ते संग्रहालयाच्या नव्या अधिकारीण आबेदा मॅडम यांना घरी घेऊन आले. द्वारकाबाईंना आनंद झाला. त्या दिवशीचा पाहुणा आपल्या पायांनी चालत आला होता.

आबेदा मॅडम वयानं मुलीसारख्या, चष्मा, हातात फाईल, आणि चेहऱ्यावर कित्येक दिवसांची काळजी. भाकरीचा एक चतकोर मोडून त्या नुसत्याच बसून राहिल्या.

"घे ना गं. तिखट झालं का?"

"नाही काकू, छान झालंय. घशाखाली उतरत नाहीये, एवढंच." मग त्यांनी सगळं सांगितलं. गेल्या वर्षी संग्रहालयाच्या अंगणात बासरीवादन ठेवलं होतं. मोफत. खुर्च्या मांडल्या होत्या दीडशे आणि माणसं आली सात. त्यातलं एक स्वच्छतागृह शोधत आलं होतं. एवढ्या मोकळ्या जागेतून उठून जायची त्याला लाज वाटली, म्हणून ते शेवटपर्यंत बसलं. "यंदा गोव्याहून कार्निव्हलचा संच येतोय, काकू. गाणं, नाच, मुखवटे, पिसांचे टोप. मुंबईचे साहेब स्वतः बघायला येणार आहेत. यंदाही खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर हे असले कार्यक्रम दुसऱ्या शहराला देणार. मला म्हणाले, मग तुम्ही आत बसून खापरं पुसा."

"पुरातन खापरं आहेत ती," आप्पासाहेबांनी दुरुस्ती केली.

द्वारकाबाई त्या चतकोराकडं बघत होत्या. पाहुणा अर्धपोटी उठला तर नेम पुरा होत नाही, हा त्यांचा धर्म. आणि ही पोर कार्निव्हलसाठी अर्धपोटी उठायला निघाली होती. कार्निव्हल म्हणजे काय, हे त्यांना नीटसं माहीत नव्हतं. भूक म्हणजे काय, ते माहीत होतं.

"जेव तू," त्या म्हणाल्या. "लोक येतील. मी आणते."

आप्पासाहेबांना ठसका लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण 'देवाच्या कृपेनं' हे शब्द न लावता बायको पुढच्या दिवसाबद्दल काही बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. आबेदा मॅडमनी मात्र दुसरी भाकरी घेतली. शब्द गेला तो गेला.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. कॉलनीतल्या प्रत्येकाला गर्दी कशी जमवायची ते ठाऊक होतं. स्वतः गर्दीत यायला मात्र कुणी तयार नव्हतं. क्रांती चौकात लावलेल्या फलकाजवळ उभं राहून एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "हा 'मोफत' शब्द आधी काढा. मोफत म्हटलं, की लोकांना वाटतं शेवटी काहीतरी विकणार." दुसऱ्याचं म्हणणं, फलकावर एखाद्या पुढाऱ्याचं तोंड हवं, नुसता पिसांचा टोप बघून लोक बिचकतात. तिसऱ्यानं तर विचारलं, की हा कार्यक्रम संग्रहालयाच्या आवारातल्या जुन्या तोफांच्या इतका जवळ का ठेवलाय.

भजनी मंडळाच्या सारजाबाई म्हणजे द्वारकाबाईंच्या भिंतीला भिंत लागून शेजारीण. देवानं द्वारकाबाईंना द्यायचा राहिलेला आवाज त्यांना दिला होता. त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "भिंतीला चिकटवल्यालं बोलावणं भिंतीलाच ऱ्हातं, बाई. तुम्ही कधी कुणाच्या बारशाला कागुद वाचून गेलात का? अक्षत दिली का अक्षत?"

द्वारकाबाईंच्या डोक्यात उजेड पडला. खरंच की. आपल्याकडं पत्रिका कितीही छापा, ती टीव्हीखाली जाऊन पडते. पण दारात उभं राहून, कुंकू लावून, तूप-कुंकवात रंगवलेले चार तांदूळ हातावर ठेवले आणि समोरच्यानं मूठ मिटली, की संपलं. मिटल्या मुठीतली अक्षत परत घेता येत नाही आणि घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. पाऊस येवो, पाहुणे येवोत, कोर्टात तारीख असो, माणूस कार्याला येतोच.

त्यांनी देवापुढं परातभर तांदूळ रंगवले. पहिली अक्षत राजाबाजारात संस्थान गणपतीला ठेवली. "देवा, कार्निव्हल आहे," त्या हात जोडून पुटपुटल्या. "माझं काही चुकत असेल तर सांभाळून घे." देवाला पुढचं दिसत असणार, तो नेहमीसारखाच गप्प राहिला.

मग दोघी निघाल्या. औरंगपुऱ्यातलं पहिलं घर मनकर्णाबाईंचं. मनकर्णाबाई जुन्या वळणाच्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, अक्षत मुठीत मिटली, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीनं विचारलं, "चूलबंद का, द्वारकाबाई?"

आणि द्वारकाबाईंनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीनं मान डोलावली.

जिना उतरून खाली येईपर्यंत काही झालं नाही. खाली आल्यावर सारजाबाईच थबकल्या. "बाई, तुम्ही चूलबंद म्हनलात?"

"म्हटलं नाही. मान हलली."

"आवो, चूलबंद म्हंजे त्यांच्या घरात त्या दिवशी चूल पेटायची नाय! आज्यापास्नं पाळण्यातल्या लेकरापोतर सगळी जेवायला येनार. तिथं नाच हाय का जेवान हाय?"

द्वारकाबाईंना घाम फुटला. आजवर त्यांनी दिलेलं प्रत्येक बोलावणं चूलबंदच होतं. 'घरी जेवून मग या' हे वाक्य त्यांच्या तोंडात देवानं घडवलंच नव्हतं. परत वर जाऊन सांगायचं तरी काय? मूठ मिटली होती.

"एक घर झालं तर झालं," सारजाबाई म्हणाल्या. "फुडच्याला कोरडीच अक्षत द्या."

द्वारकाबाईंनी दोन पावलं टाकली आणि त्या थांबल्या. "एकाची चूल बंद आणि शेजारची पेटती? हा तर पंक्तिप्रपंच झाला, सारजाबाई. एकाला तूप वाढायचं आणि दुसऱ्याला पाणी. हे पाप माझ्याच्यानं व्हायचं नाही."

मोठमोठ्या चुका माणूस लोभानं किंवा रागानं करतो, असं ग्रंथांत सांगितलंय. न्यायबुद्धीनं केलेल्या चुका त्याहून मोठ्या होतात, हे ग्रंथकारांना औरंगपुऱ्यात फिरल्याशिवाय कळायचं नाही. दुसरं घर चूलबंद झालं. तिसरं झालं. परात रिकामी झाली तेव्हा संपायला हवं होतं, पण सारजाबाईंचा उत्साह आता मावेना. "तांदूळ लई हायेत माझ्याकडं," म्हणत त्यांनी परात पुन्हा भरून आणली. पडेगाव झालं, गल्लीबोळ झाले.

शेवटची अक्षत उरली ती संग्रहालयाच्या मागच्या गल्लीत. भिंतीला लागून करीम मास्तरांचं आवार होतं. करीम मास्तरांचा बँड. अर्ध्या शहराची लग्नं त्यांच्या तुताऱ्यांवर लागली होती. त्यांनी अदबीनं दोन्ही हात पुढं केले.

"मुबारक हो भाभी! शादी किसकी?"

"लग्न नाही हो, करीमभाई. संग्रहालयाचं कार्य आहे."

करीम मास्तर जरा विचारात पडले. "म्यूझियम की शादी?" मग भिंतीपलीकडच्या जुन्या घुमटाकडं बघून हळूच, "किस के साथ?"

द्वारकाबाईंनी समजावून सांगितलं, पण त्यांच्या आवाजाचा पोच उंबऱ्यापर्यंतच होता आणि आत पोरं तुताऱ्या घासूनपुसून वाजवून बघत होती. करीम मास्तरांनी एवढंच मनाशी धरलं, की अक्षत आली म्हणजे कार्य आहे, आणि कार्य आहे म्हणजे वाजवावं लागणार. "अक्षत ली है, आता बिदागीचं नाव काढू नका. वरात मी आणतो," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी पुण्याहून मुलाचा फोन आला. "आई, माझं लग्न ठरलंय आणि मलाच सांगितलं नाहीस? आत्ता मामांनी अभिनंदन केलं. मुलगी तरी कोण आहे?"

"कुणी नाही रे. कार्निव्हल आहे."

मग मुलगा म्हणाला, "आडनाव ऐकलेलं नाही."

आबेदा मॅडमना हे सगळं सांगायचं काम आप्पासाहेबांकडं आलं. त्यांनी ते खात्याच्या भाषेत सांगितलं, "प्रस्तावित उपस्थितीत अन्नविषयक अपेक्षा निर्माण झाली आहे," आणि मग तो शब्द उच्चारला. आबेदा मॅडम याच मातीतल्या. 'चूलबंद' म्हणजे काय, हे त्यांना फोड करून सांगावं लागलं नाही. त्या खुर्चीत मागं टेकल्या आणि त्यांनी सोबत आलेल्या द्वारकाबाईंकडं पाहिलं.

"किती घरं, काकू?"

"मोजली नाहीत गं," द्वारकाबाई जमिनीकडं बघत म्हणाल्या. "बोलावलेलं माणूस मोजू नये म्हणतात."

नियम स्पष्ट होता. संग्रहालयाच्या आवारात जाळ करता येत नाही. आप्पासाहेब परवानगी काढायला निघाले. पहिल्या कार्यालयानं विचारलं, कार्य कुणाचं? आप्पासाहेब म्हणाले, कुणाचंच नाही. मग अर्ज कोण करतंय? त्यांना दुसऱ्या कार्यालयात पाठवण्यात आलं. तिथं सांगितलं, की जेवणाची परवानगी मंगल कार्यालयाला मिळते, नाचाची नाट्यगृहाला. तुमच्याकडं दोन्ही असेल तर तुम्ही नक्की कोण आहात, ते आधी ठरवून या. ज्यांनी जन्मभर लोकांना हेलपाटे घालायला लावले, ते आप्पासाहेब घामाघूम होऊन घरी आले आणि पाणी पिऊन म्हणाले, "लोक आम्हाला शिव्या का द्यायचे, ते आज कळलं."

पण हद्द ओळखणं त्यांच्या रक्तात होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी संग्रहालयाच्या मागच्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि ते एकदम उजळले. "भिंतीच्या आत जाळ नको. भिंतीपलीकडं करीमचं आवार. जाळ तिकडं, जेवण इकडं! शिजलेलं अन्न चालत आत आलं, तर त्याबद्दल नियम काय म्हणतो, मॅडम?"

आबेदा मॅडमनी नियमावली चाळली. "नियम गप्प आहे."

"मग आपणही गप्प राहू."

आप्पासाहेबांच्या थोरल्या भावानं, काकासाहेबांनी, शेतावरून ट्रॉलीभर वांगी धाडली. भजनी मंडळातल्या बायकांनी घरटी डाळ-तांदूळ काढले. बद्रीनाथ आचाऱ्यानं करीम मास्तरांच्या आवारात चर खणून कढया चढवल्या. भाकरी एवढ्या कोण थापणार, हा प्रश्न आला तेव्हा करीम मास्तर म्हणाले, माझ्या मेहुण्याची नानची भट्टी काय झोपा काढायला आहे का? वांग्याची भाजी आणि नान! सारजाबाईंनी नाक मुरडलं. मग चव बघायला म्हणून एक नान भाजीत बुडवून खाल्लं, आणि चव नीट कळली नाही म्हणून आणखी एक.

कार्याचा दिवस उजाडला. माघातली गोड थंडी, आकाश निवळशंख. पुढच्या अंगणात दीडशे खुर्च्या, मंच, दिव्यांच्या माळा. मागच्या हिरवळीवर, तोफांच्या आणि दगडी वीरगळांच्या मधून, पत्रावळी. द्वारकाबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. लोक आले नाहीत तर त्या पोरीची नोकरी खापरात जाणार. आणि लोक आले अन् जेवण कमी पडलं, तर आपण कुठल्या तोंडानं देवापुढं बसायचं?

लोक आले. आधी मनकर्णाबाई आल्या, मागं त्यांचे दीर, जावा, नातवंडं आणि नातवंडांच्या शाळेतले मित्र. मग औरंगपुरा आला. मग पडेगाव. नऊवाऱ्या, टोप्या, बुरखे, जीन्स, कडेवरची पोरं. सगळ्यांच्या घरी चूल बंद, सगळ्यांच्या चेहऱ्यावर भूक, आणि सगळ्यांच्या हातात आहेर.

हे मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. अक्षत घेतली, मग मोकळ्या हातानं कसं यायचं? कुणी टॉवेल-टोपी आणली, कुणी स्टीलचा डबा, कुणी पातेलं, कुणी परात. फाटकावर रखवालदार कडूबा. त्याला एकच गोष्ट पक्की शिकवलेली होती: संग्रहालयाच्या दारात कुणी वस्तू आणून दिली, की तिला क्रमांक चिकटवून ताब्यात घ्यायची. एरवी महिना महिना कुणी काही देत नसे. आज कडूबाच्या कर्तव्याला भरती आली. तो परातींना क्रमांक चिकटवत सुटला.

"अरे, हा आहेर आहे!" आप्पासाहेब ओरडले.

"आसंल साहेब. पण आता सरकारजमा झाला."

तेवढ्यात गोव्याच्या संचाचा निरोप आला. त्यांची सामानाची गाडी गेवराईजवळ बंद पडली होती. ढोल, ताशे, सगळं तिच्यात. माणसं मिळेल त्या जीपनं निघाली आहेत, पण उशीर होणार. आबेदा मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला.

"घाबरू नकोस," द्वारकाबाई म्हणाल्या. "तोवर पंगत बसवू."

पंगत म्हटल्यावर काय सांगावं! पुढच्या अंगणातला एक एक माणूस उठून मागं आला. जेवायला खुर्चीवर कोण बसतं? हा हा म्हणता सगळं गाव तोफांच्या मधे मांडी घालून बसलं, आणि पुढं दीडशे खुर्च्या, दिव्यांच्या माळांखाली, अगदी गेल्या वर्षासारख्या, ओळीनं रिकाम्या राहिल्या.

आणि नेमके त्या वेळी मुंबईचे साहेब आले.

फाटकात त्यांना कुणी ओळखलं नाही. कडूबानं फक्त त्यांच्या हातातल्या पुष्पगुच्छाला क्रमांक चिकटवून तो ठेवून घेतला. साहेब पुढच्या अंगणात शिरले. समोर रिकामा मंच, रिकाम्या खुर्च्या. फक्त आप्पासाहेब एकटे माईकजवळ उभे होते, कारण अध्यक्षीय भाषण त्यांनी पंधरवडाभर पाठ केलं होतं आणि श्रोता मिळाल्याशिवाय ते हलणार नव्हते. साहेब पहिल्या ओळीत बसले. श्रोता मिळाला.

"रसिकहो!" आप्पासाहेब म्हणाले.

रसिकानं आजूबाजूला पाहिलं आणि खिशातून पेन काढलं.

इकडं द्वारकाबाई भाजीचं भांडं घेऊन पंगतीतून फिरत होत्या. मुनिराबी, म्हणजे करीम मास्तरांच्या घरच्या, नान वाढत होत्या. पहिली पंगत उठली, दुसरी बसली. कढईचा तळ काही दिसत नव्हता. बद्रीनाथ आचाऱ्याला गावजेवणाची सवय, तो माणसाच्या बोलण्यावर नाही, तर परातीतल्या तांदळावर अंदाज बांधायचा, आणि रंगवलेले तांदूळ किती ते त्यानं सारजाबाईंना आधीच विचारून ठेवलं होतं. द्वारकाबाईंना जरा हायसं वाटलं. पंगतीबाहेर कुणी राहिलंय का बघायला त्या कोपऱ्यापर्यंत आल्या. पुढच्या अंगणात एक मध्यमवयीन गृहस्थ एकटेच बसलेले. दमलेले, प्रवासाची धूळ अंगावर, आणि समोर आपले यजमान त्यांना भाषण देत आहेत. द्वारकाबाईंचं काळीज कळवळलं.

"उठा बघू," त्या जवळ जाऊन म्हणाल्या. "पान वाढलंय."

"बाई, मी जेवायला आलो नाही. मी मुंबईहून—"

"मग तर भूक लागलीच असेल. लांबचा पल्ला. हात तिकडं धुवायचे."

साहेबांनी आयुष्यात पुष्कळ मोठे आवाज परतवून लावले होते. एवढ्या हळू आवाजाला काय करतात, ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते उठले. आप्पासाहेब 'प्राचीन प्रतिष्ठान नगरीच्या वैभवापर्यंत' आले होते. तिथून ते पुढं कधीच गेले नाहीत.

कोपरा वळल्यावर साहेब जागच्या जागी उभे राहिले. वीरगळांच्या मधून माणसंच माणसं. तोफेवर पोरं घोड्यावर बसावं तशी बसलेली. मनकर्णाबाई दगडी उमामहेश्वराला कुंकू लावायला निघालेल्या आणि आबेदा मॅडम त्यांच्या हाताला धरून, "मावशी, लांबूनच हो, नाहीतर मला नोटीस लागेल," असं काकुळतीनं सांगत होत्या. द्वारकाबाईंनी साहेबांना एका तुतारीवाल्याच्या आणि एका आजोबांच्या मधे बसवलं. साहेबांनी पहिला घास घेतला. मग पेन खिशात ठेवलं, कारण उजवा हात रिकामा नव्हता.

याच वेळी दोन जिपा आल्या आणि त्यांतून गोव्याचा संच उतरला. डोक्यावर पिसांचे टोप, तोंडाला चंदेरी मुखवटे, आणि पोटात सकाळपासून काही नाही. म्होरके मिंगेलबाब हात जोडून म्हणाले, "ढोल वाटेर अडकले. आमी नाचतले कशे?"

"आधी बसा," द्वारकाबाई म्हणाल्या.

पिसं, मुखवटे, सगळं पंगतीला बसलं. एका पोरानं आजीला विचारलं, ही नवरी आहे का. आजी म्हणाली, एवढी नटलीय म्हणजे तीच असंल. मिंगेलबाबांनी वांग्याची भाजी चाखली, डोळे मिटले, आणि सारजाबाईंना म्हणाले, "बाये, ह्या खाणाक नाच दिलोच जाय." अशा जेवणाला नाच द्यायलाच हवा, असं त्यांना म्हणायचं होतं. सारजाबाईंना भाषा कळली नाही, नान मात्र त्यांनी आणखी वाढलं.

पण वाजवायचं कशावर? करीम मास्तरांच्या तुताऱ्या होत्या, पण त्यांचे ढोलवाले नेमके जालन्याच्या लग्नात. मिंगेलबाबांची नजर फाटकाकडं गेली. तिथं आहेराचा डोंगर: पराती, पातेली, डबे, घागरी. ते उठले, एका पातेल्यावर त्यांनी बोटं वाजवली, कान लावला. दुसऱ्यावर. तिसऱ्या परातीवर त्यांचा चेहरा फुलला.

कडूबा आडवा झाला. "हात नाय लावायचा. संग्रहालयाची वस्तू हाय."

सगळे आबेदा मॅडमकडं बघू लागले. मॅडम साहेबांकडं बघू लागल्या; आता त्यांनी साहेबांना ओळखलं होतं. साहेब बोटं चाटत होते. मॅडमनी एकदा द्वारकाबाईंकडं पाहिलं. द्वारकाबाईंनी फक्त मान डोलावली, तशीच, जशी औरंगपुऱ्यात डोलावली होती.

"कडूबा," आबेदा मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मुळीच कापला नाही, "वस्तू बाहेर काढा. लोकांसमोर प्रात्यक्षिक आहे."

मग जे झालं ते सांगून समजायचं नाही. गोव्याची बोटं आमच्या परातींवर पडली. करीम मास्तरांनी तुतारी ओठाला लावली. वरातीची धून तेवढी त्यांना येत होती, ती त्यांनी कार्निव्हलच्या ठेक्यात सोडली, आणि ठेक्यानं ती कडेवर घेतली. पिसांचे टोप तोफांच्या मधून घुमू लागले. पोरं आधी उठली. मग जीन्सवाले. मग मनकर्णाबाईंच्या धाकट्या जावेनं पदर खोचला आणि एका चंदेरी मुखवट्याचे हात धरून फुगडी घातली. सारजाबाईंनी नानची टोपली खाली ठेवली ती पुन्हा उचललीच नाही. आप्पासाहेब कोपऱ्यात भाषणाचे कागद हातात घेऊन उभे होते. हळूहळू त्यांच्याही नकळत ते कागद ठेक्यावर हलू लागले. सगळे आता नाचत नाचत पुढच्या अंगणात आले, खुर्च्या कुणीतरी बाजूला सारल्या, आणि त्या शेवटपर्यंत रिकाम्याच राहिल्या. बसायला कुणाला फुरसत होती?

साहेब हात धुऊन आले. आबेदा मॅडम त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"खुर्च्या रिकाम्या आहेत, मॅडम," साहेब म्हणाले.

"हो, सर."

"जेवणाला परवानगी?"

"नियम गप्प आहे, सर."

"आणि माझ्या पुष्पगुच्छाला क्रमांक?"

साहेब नाचणाऱ्या घोळक्याकडं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. "असं दर वर्षी कसं चालेल? ही काही पद्धत झाली का? पुढच्या वर्षीचं मी वर जाऊन विचार करून—"

द्वारकाबाईंनी हे ऐकलं. 'विचार करून' या शब्दांचा अर्थ सरकारी माणसाच्या बायकोला कुणी सांगावा लागत नाही. परातीच्या तळाशी उरलेले थोडे रंगवलेले तांदूळ त्यांनी देवघरासाठी राखून ठेवले होते, पदराच्या गाठीला. त्यांनी गाठ सोडली. साहेबांच्या जवळ गेल्या. कपाळाला बोटभर कुंकू लावलं. साहेबांनी आपसूक मान खाली केली आणि आपसूक उजवा हात पुढं केला. मुंबईत किती वर्षं काढली तरी त्यांचं आजोळ कन्नडचं होतं. द्वारकाबाईंनी हातावर अक्षत ठेवली.

"पुढच्या वर्षी, याच दिवशी. सगळ्यांना घेऊन या."

साहेबांची मूठ मिटली. मिटल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी मुठीकडं पाहिलं, मग द्वारकाबाईंकडं, मग आबेदा मॅडमकडं, आणि नाइलाजानं, अगदी मनकर्णाबाईंच्या सुरात विचारलं, "चूलबंद का?"

आबेदा मॅडमनी तोंडाला ओढणी लावली. हसू होतं, की दुसरं काही, ते त्या गर्दीत कळलं नाही.

पंगती संपल्या, तुताऱ्या मात्र अजून वाजत होत्या. द्वारकाबाई तोफेच्या कट्ट्यावर टेकल्या तेव्हा त्यांना आठवलं, आपण सकाळपासून काही खाल्लं नाही. आबेदा मॅडमनी कुठूनसं एक पान आणून त्यांच्यापुढं मांडलं. नान, भाजी, भात.

"आता तरी जेवा, काकू. आज बाहेरचं माणूस जेवलंय ना?"

द्वारकाबाईंनी पानाकडं पाहिलं, मग अंगणाकडं पाहिलं. पिसांचा टोप सारजाबाईंच्या डोक्यावर होता. कडूबा क्रमांकाची परात वाजवत होता. मिंगेलबाब आप्पासाहेबांना पाऊल कसं टाकायचं ते दाखवत होते, आणि आप्पासाहेब ते हद्द मोजल्यासारखं जपून टाकत होते. साहेब मूठ मिटूनच टाळी वाजवायचा प्रयत्न करत होते.

द्वारकाबाईंनी बराच वेळ शोधलं. मग हळूच, म्हणजे त्यांच्या नेहमीच्याच आवाजात, म्हणाल्या, "बाहेरचं कोणच दिसत नाही गं," आणि आबेदा मॅडमचा हात धरून तिला त्याच पानावर आपल्याशेजारी बसवलं.